समुद्राने परत केलेला नारळ

डायव्हिंग रिसॉर्टवर पहिल्यांदा राहायला जाणाऱ्यांनी सोबत नारळ नेऊ नये. ही सूचना मी सुरुवातीलाच देऊन टाकते, कारण पुढे गप्पांच्या नादात विसरायची. बाकीच्या सूचना अधूनमधून येतील, आणि आल्या नाहीत तरी इंटरनेटवर ढिगाने मिळतात. नारळाबद्दल मात्र कोणीच काही लिहून ठेवलेलं नाही, आणि आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं.

आम्ही म्हणजे तिघं. मी, आमची मुलगी सई आणि आमचे हे. हे व्यापारी जहाजांवरचे चीफ इंजिनिअर, आता निवृत्त. सिंगापुरातल्या सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहुणे आले की यांच्या समुद्राच्या गोष्टी सुरू होतात. डोंगराएवढ्या लाटा, बंद पडलेलं इंजिन, तीन दिवस न झोपलेले हे. पाहुण्यांचा चहा निवतो, पण लाटा काही निवत नाहीत. या गोष्टींत एक तपशील कधीच येत नाही. तो असा, की या माणसाने समुद्रात गुडघ्याच्या वर पाय बुडवलेला नाही. ट्रेनिंगमध्ये पोहण्याच्या तलावात एकदा उडी मारावी लागली होती, तेवढाच काय तो पाण्याशी अंगाला अंग लागून संबंध. बाकी सगळी नोकरी पाण्यावर, म्हणजे खरं तर पाण्याखाली. कारण जहाजाची इंजिनरूम पाण्याच्या पातळीच्या खाली असते. फक्त कोरडी.

हे मी सईला ती लहान असताना समजावून सांगितलं होतं. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की नांगर टाकलेली जहाजं ओळीने दिसतात. "बाबा कुठे?" असं तिने विचारलं की मी म्हणायची, "त्या जहाजात, अगदी खाली, पाण्याखाली." ती जहाजाकडे न बघता पाण्याकडे बघून हात हलवायची. पुढे एक दिवस किंडरगार्टनच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या की तुमच्या दुःखात शाळा तुमच्यासोबत आहे. सईने वर्गात सांगितलं होतं, "माय फादर इज अंडर द सी." बाईंचं यांच्याशी फोनवर बोलणं करून दिल्यावरच त्यांचा विश्वास बसला, आणि तोही पुरता बसला नसावा.

ही मुलगी मोठी होऊन डायव्हिंग शिकली, याचं मग फारसं नवल वाटू नये. युनिव्हर्सिटीत असताना क्लबमध्ये शिकली, मग डाइव्हमास्टर झाली आणि सुट्टी मिळाली की कुठल्या ना कुठल्या बेटावर पळायला लागली. दोन हजार सोळाच्या जूनमध्ये तिला पर्थला नोकरी लागली. पुढच्या महिन्यात जायचं होतं. तेव्हा एका रात्री जेवताना तिने जाहीर केलं की तिने आम्हा तिघांसाठी मलेशियातल्या तियोमान बेटावरच्या एका रिसॉर्टचं बुकिंग केलंय.

"बाबा, जस्ट वन डाइव्ह विथ मी," ती म्हणाली. "देन आय गो. प्लीज लाह." हे 'लाह' म्हणजे इकडचं 'ना'.

हे आमटीत बघत राहिले. मग म्हणाले, "बघू."

आमच्या घरात या शब्दाचा अर्थ 'नाही' असाच असतो. सईलाही तो माहीत आहे. पण तिने तो 'हो' म्हणून धरला आणि बॅग भरायला घेतली.

बेटावर

जोहोरची सीमा, पुढची बस आणि मर्सिंगचा धक्का यांबद्दल मी लिहीत नाही. तिथे जे होतं ते सगळ्यांचंच होतं. बोटीत पुढच्या बाजूला बसू नका, एवढंच सांगते. पुढे बसणारा माणूस प्रत्येक लाटेला बाकावर आपटतो आणि त्याचं जेवण त्याला पुन्हा आठवतं. चीफसाहेब अर्थातच पुढे बसले, 'आम्हाला काही होत नाही' म्हणून. उतरताना चेहरा दुधी भोपळ्यासारखा झाला होता, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

बेट सुंदर आहे. मागे दाट जंगलाचा डोंगर, पुढे वाळू आणि मधे लाकडी खोल्यांची एक रांग. खोलीत पंखा, मच्छरदाणी आणि एक पाल. खोल्यांच्या कठड्यांवर सगळ्या जगाचे ओले कपडे वाळत घातलेले. चप्पल डाइव्ह शॉपच्या पायरीखाली काढायची, हे पाहून मला फार घरच्यासारखं वाटलं. माकडं मात्र आपल्या गडांवरच्या माकडांपेक्षा शिकलेली आहेत. त्यांना बॅगेची चेन उघडता येते. माझा भडंगाचा डबा पहिल्या तासातच गेला. एका माकडाने झाडावर बसून तो अगदी चवीने खाल्ला आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी नाकारली.

नारळ त्या माकडाने नेला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

हा नारळ यांनी लिटल इंडियातल्या बाजारातून वाजवून, शेंडी बघून आणला होता. ज्या बेटावर पावलापावलाला 'नारळ पडेल, खाली बसू नका' अशा पाट्या आहेत, तिथे आम्ही विकतचा नारळ घेऊन पोचलो. यांचं गाव हर्णैजवळचं. जहाजावर जायला निघताना यांच्या आईने दर वेळी समुद्राला नारळ द्यायला लावला. एरवी घरात आरती सुरू झाली की टीव्हीचा आवाज वाढवणारा हा माणूस, नारळाचा नेम मात्र त्याने कधी चुकवला नाही. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन यांनी नारळाला हळदकुंकू लावलं, डोळे मिटले आणि तो दूर फेकला. सई हात जोडून उभी होती. मी मनात म्हटलं, चला, गाडी मार्गाला लागली.

सकाळी नाश्त्याला नासी लमाक होता. खोबऱ्याच्या दुधात शिजवलेला भात, तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे आणि सांबल, म्हणजे मिरचीची झणझणीत चटणी. सासूबाईंनी हा प्रकार बघितला असता तर आपल्याच स्वयंपाकघरातला म्हणून ओळखला असता. आम्ही हात धुऊन बसतोय तोच केल्विन आला. हा तिथला डायव्हिंगचा मास्तर, जोहोरचा चिनी मुलगा, उन्हाने भाजून तांबूस झालेला. त्याच्या हातात आमचा नारळ होता. कुंकवासकट.

"अंकल, धिस वन युवर्स?" त्याने अगदी आदराने विचारलं. "केम बॅक टु द बीच. नेक्स्ट टाइम डोन्ट थ्रो हां. मरीन पार्क लाह."

यांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

"ठेवून घेतला नाही," हे म्हणाले.

"अहो, भरती आली आणि वाहत आला," मी म्हटलं.

"शुभा, इतकी वर्षं मी नारळ दिला, एकदाही परत आलेला नाही."

"कारण तुम्ही नारळ टाकून जहाजाने निघून जायचात. तो परत आलेला बघायला तुम्ही होतात कुठे?"

पण हे उठले होते. आज आपल्याला सर्दीसारखं वाटतंय, असं केल्विनला सांगून त्यांनी दोनदा शिंकल्यासारखं केलं. सर्दी असताना पाण्याखाली जायचं नसतं, हे आदल्या दिवशी माहितीच्या तासात सांगितलं होतं. आख्ख्या तासातलं हे एकच वाक्य यांनी नीट ऐकलं होतं.

माझी डुबकी

पैसे भरलेले होते, म्हणून मी गेले. मनात धाकधूक होतीच, पण सईचा चेहरा बघून मी नाही म्हणू शकले नाही.

वेटसूट घालणं म्हणजे गुबगुबीत उशीला दोन मापं लहान अभ्रा घालणं. दोघी लागतात, एक उशी आणि एक ओढणारी. त्याची चेन पाठीमागे असते, हे मला घालून झाल्यावर कळलं. मग मास्क. त्यावर वाफ धरू नये म्हणून काचेवर आतून थुंकायचं आणि बोटाने फिरवायचं. जे केल्याबद्दल सिंगापुरात दंड भरावा लागतो, ते इथे चारचौघांत उभं करून शिकवतात. मी जन्मभराचे संस्कार बाजूला ठेवले आणि थुंकले. कानांत दडे बसले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, हे मला लगेच जमलं. कॉलनीतल्या बायकांबरोबर प्राणायामाला जाते त्याचा एवढा एक उपयोग झाला.

आणि खुणा. पाण्याखाली बोलता येत नाही, हा माझ्यासारखीला मोठाच जाच. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला तर 'वर चला', अंगठा खाली केला तर 'खाली चला'. हे मी नीट पाठ केलं होतं. पण केशरी पट्ट्यांचा एक बारकासा मासा माझ्या नाकासमोर येऊन डोळे वटारून उभा राहिला, तेव्हा मी आनंदाने अंगठा वर केला. केल्विनने तत्काळ माझा दंड धरून मला वर काढलं. "आंटी, व्हॉट प्रॉब्लेम?" मी म्हटलं, काही नाही, मासा छान होता. तर सांगायची गोष्ट, खाली कितीही छान वाटलं तरी अंगठा आवरा.

पुन्हा खाली गेले तेव्हा सईने माझा हात धरला होता. मी या मुलीला रस्ता ओलांडताना असाच धरायची. खाली फार सुंदर होतं, आणि ते कसं होतं हे मला सांगता येत नाही. निळ्या उजेडात सगळं सावकाश चाललेलं. मी घाबरले नाही, याचंच मला नवल वाटलं. नंतर धक्क्यावर बसून मी हमसून हमसून रडले. मग भूक लागली.

यांना शोधत गेले तर हे डाइव्ह शॉपच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे सिलिंडरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर असतो. तो सांभाळणारे पाक मात नावाचे म्हातारेसे मलाय गृहस्थ आणि आमचे हे, दोघं बनियनवर, कोपरापर्यंत तेलात. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यावाचून कुणाचंच काही अडलेलं दिसलं नाही. सर्दी पार पळाली होती.

"कसं होतं?" यांनी विचारलं.

"अहो, काय सांगू..."

"पाणी आत आलं का?"

"कशात?"

"मास्कमध्ये. नळीत. कुठेही."

"थोडं आलं मास्कमध्ये. नाकाने फुंकलं, गेलं."

हे फिल्टर पुसायला लागले.

नारळाचा निकाल

दुसऱ्या दिवशीही हे शेडमध्येच. तिसऱ्या दिवशी दुपारी सई माझ्याशेजारी कठड्यावर येऊन बसली. केस ओले, नाकावर मास्कचा वळ.

"बाबा लीव्हवर यायचा तेव्हाही असाच," ती म्हणाली. "मिक्सर, फॅन, शेजाऱ्यांचा एसी. एव्हरीथिंग हि फिक्स. मी बाजूला स्क्रूड्रायव्हर पकडून स्टँडिंग. आई, इथेही तो इंजिनरूममध्येच आहे."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती रागावली नव्हती, तिने आशा सोडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारची आमची परतीची बोट होती. इतके दिवस मला गंमत वाटत होती, ती तिथे संपली. मी उठले आणि तरातरा शेडकडे गेले. पाक मात माझा चेहरा बघून हळूच बाहेर सटकले. नवरेपणाला भाषा लागत नाही.

"नारळाचं नाटक पुरे," मी म्हटलं. "खरं काय ते सांगा."

यांनी हातातला पाना खाली ठेवला. नारळ तिथेच फळीवर होता.

"नाटक नाही गं," हे म्हणाले. "आई नारळ द्यायला लावायची तेव्हा म्हणायची, समुद्राला सांग, हा घे, मला नको घेऊस. मी दर वेळी तेच सांगितलं. आणि खाली बसून जन्मभर एकच काम केलं, पाणी आत येऊ द्यायचं नाही. कुठे थेंब दिसला तरी झोप उडायची. एकदा मोठा पाइप फुटला होता, बूट बुडेपर्यंत पाणी आलं. ती गोष्ट मी पाहुण्यांना सांगत नाही. आता पोरगी म्हणते, तोंडात नळी धर आणि आपणहून जा. मला भीती वाटते, शुभा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. यांच्या शेजारी त्या तेलकट बाकावर बसून राहावं असं वाटलं, आणि मी बसलेही. पण आमची पोर त्या कठड्यावर बसली होती, तीही मला दिसत होती.

"गावच्या देवळात तुम्ही नारळ देता," मी म्हटलं. "गुरव काय करतो?"

"फोडतो."

"आणि?"

"अर्धा परत देतो."

"त्याला काय म्हणतात?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"प्रसाद," हे म्हणाले.

"देवाने नारळ नाकारला म्हणून तुम्ही देवळाच्या पायरीवर गळा काढून बसलात का कधी? इथे तर अख्खा परत दिलाय. समुद्रावर गुरव नाही, म्हणून अर्धा कापून घेतला नाही, एवढंच."

इंजिनिअर माणूस, हिशेब बसला की मान डोलावतो. मी तो नारळ उचलला, शेडच्या दारातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर दाणकन फोडला, आणि पाक मात, केल्विन, दोन स्वीडिश मुली, सगळ्यांना खोबरं वाटलं. घरून आणलेला गूळ माकडांनी ठेवला होता, तोही वाटला. काय चाललंय ते कोणालाच कळलं नाही, पण डायव्हिंग करून आलेल्या माणसांना कडकडून भूक लागलेली असते, त्यामुळे कोणी चौकशी केली नाही. सईने तुकडा तोंडात टाकला आणि बापाकडे बघितलं.

"उद्या सकाळी किती वाजता?" यांनी केल्विनला विचारलं. चक्क मराठीत. त्याला कळलं.

शेवटची सकाळ

मी लाइफ जॅकेट घालून, तोंड पाण्यात बुडवून, नळीने श्वास घेत वर तरंगत होते. त्यामुळे मला सगळं दिसलं. पाणी तिथे फार खोल नाही, तळाची वाळू स्वच्छ दिसते.

नांगराचा दोर धरून हे पाय खाली, तोंड दोराकडे करून एक एक हात सोडत उतरले. इंजिनरूमची शिडी अशीच उतरतात. दर दोन हातांनी थांबून हवेचा काटा बघायचे. सई समोर, केल्विन मागे. मध्येच यांचे बुडबुडे बंद झाले. सईने आपला पंजा यांच्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाखवलं, बाहेर सोड, आत घे. थोड्या वेळाने बुडबुड्यांचा एक मोठा घोस माझ्या तोंडाशी येऊन फुटला.

तळाशी दोघं वाळूवर गुडघे टेकून बसली. तेवढ्यात यांच्या मास्कमध्ये पाणी आलं. मला वरूनही दिसलं, कारण यांचा हात एकदम मास्ककडे गेला आणि पाय झाडले गेले. केल्विन पुढे सरकला. सईने त्याला हातानेच थांबवलं. ती यांच्या अगदी समोर झाली, आपला मास्क वरून दाबून धरला, नाकाने फुंकर मारून दाखवली आणि वाट बघत राहिली. जन्मभर ज्याला आत येऊ दिलं नाही ते पाणी यांच्या डोळ्यांपर्यंत आलं होतं. यांनी मास्कची वरची कड दाबली, मान वर केली आणि जोराने फुंकलं. पुन्हा फुंकलं. मग सईकडे बघून अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. गोल पक्का होता.

त्यानंतर दोघं हातात हात घालून त्या निळ्या उजेडात बराच वेळ फिरली. माझा तो वटारलेल्या डोळ्यांचा मासा यांनाही भेटला असावा, कारण हे एका जागी थांबून त्याच्याकडे तितकेच डोळे वटारून बघत होते.

वर आल्यावर यांनी बोटीची शिडी पकडली, तोंडातली नळी काढली आणि ड्यूटी संपवून वर आल्यासारखं सांगितलं, "मास्कमध्ये पाणी आलं होतं. मी काढलं."

"मी बघितलं," सई म्हणाली.

मग ती शिडीच्या दुसऱ्या दांड्याला धरून लाटेबरोबर वर-खाली होत राहिली. आणि बोलली ती सगळं मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता. असं तिच्या तोंडून ऐकून मला कित्येक वर्षं झाली होती.

"शाळेत मी बाईंना खोटं नव्हतं सांगितलं, बाबा. तू पाण्याखालीच होतास. मला यायला उशीर झाला."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग यांनी मान वळवून केल्विनला विचारलं, सिलिंडरमध्ये हवा उरली आहे का.

"गॉट, अंकल. स्टिल गॉट."

यांनी मास्क डोळ्यांवर ओढला, नळी दातांत धरली, सईचा हात पकडला आणि अंगठा खाली केला.